उलट्या चामड्याचं नाव

माझे वडील बूट करायचे. वाक्य साधं आहे, पण वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ते मला घराबाहेर एकदाही उच्चारता आलं नाही. त्याची किंमत मी नाही, त्यांनी मोजली. बाकीच्या आठवणींच्या आधी ती एक गोष्ट मला सांगून टाकायची आहे.

कन्नड मुलखातल्या शहरात, चामराजपेटेत, आमचं घर म्हणजे रस्त्याकडची एक खोली आणि तिच्यामागे आगगाडीच्या डब्यांसारख्या आणखी दोन. पुढची खोली अप्पांची. तळाला लावायचं जाड कातडं आदल्या संध्याकाळी बादलीत भिजत पडायचं आणि सकाळी अप्पा ते काळ्या दगडावर पसरून हातोडीने कुटायचे, म्हणजे ते दबून घट्ट होई. ओला, बसका आवाज. समोरची पिठाची गिरणी सुरू होईपर्यंत गल्लीत तेवढाच आवाज असे. आत आई शेगडीवर मैद्याची खळ शिजवायची. किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकलेला असे, त्यामुळे तिचं भांडं वेगळं, कान तुटलेलं, आणि आम्हा मुलींना त्याला हात लावायची बंदी. खळ उतरली की त्याच शेगडीवर नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे. थंडीत अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, आले की दुपारभर सगळं घर परातीभोवती बसून भिजलेल्या दाण्यांची सालं काढत असे. बोटाने दाबलं की दाणा टुणकन बाहेर. अप्पांचा हात सगळ्यांत जलद चाले. चिंचेने हात धुऊन बसायचे ते, तरी त्यांच्या बोटांना कमावलेल्या कातड्याचा वास असायचाच. इतक्या वर्षांनंतरही अवरेकाळूचं सारू समोर आलं की मला आधी तो कातड्याचा वास येतो, मग सारूचा.

वरच्या कातड्याची शिलाई आई मशीनवर करायची. माझी थोरली बहीण रत्ना, आमची अक्का, सातवीनंतर घरी बसली होती. अस्तर चिकटवायचं काम तिचं. मला मात्र या कशातच घेतलं नव्हतं. "सुमाचे हात खळीत नकोत," असं अप्पा म्हणायचे. सुमा म्हणजे मी. वह्या-पुस्तकं घेऊन मी दोन बस बदलून मल्लेश्वरमच्या शाळेत जायची. जवळ शाळा नव्हत्या असं नाही, पण तिथल्या बाईंनी माझे मार्क बघून मला घेतलं होतं आणि अप्पांना त्याचं अपार कौतुक होतं.

आमच्या घरात मराठी किती पिढ्यांपासून आहे, कोणाला ठाऊक नाही. मराठ्यांच्या फौजेबरोबर खोगिरं शिवत आमचे लोक इथे आले, असं आजोबा सांगायचे. घोडे गेले, खोगिरं गेली, बूट राहिले. भाषाही राहिली, तिच्यात कन्नडमधलं 'स्वल्प थांब' आणि 'सरी, सरी' मिसळून. पुण्याहून इथे नोकरीला आलेली माझी सून परवा म्हणाली, "आई, तुमची मराठी किती क्यूट आहे." मी हसले. काय सांगणार? आमची जात आणि आमचं काम एकाच शब्दात मावायचं, आणि तो शब्द शाळेच्या आवारात पोरं एकमेकांना शिवीसारखा द्यायची. मराठीतला नव्हे, कन्नडमधला. पण मला कळायचा. पहिल्याच आठवड्यात वर्गात कोणीतरी विचारलं, तुझे वडील काय करतात. मी म्हटलं, "एका कंपनीत आहेत." कोणत्या? "मोठी आहे." पुढे तेच चालू ठेवावं लागलं. मैत्रिणीला घरी आणायचं नाही, घरचा पत्ता सांगायचा नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या फिलोमिना टीचर माझ्यावर जीव टाकायच्या. त्यांनाही मी तेच सांगितलं होतं.

मी नववीत असताना अप्पांचं काम आटू लागलं. मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं झाली, तिथे डब्यातले तयार बूट मिळू लागले. जे वकील आणि बँकेतले साहेब पूर्वी पाय मापून घ्यायला येत, ते आता तेच डब्यातले बूट टाच बदलायला घेऊन येऊ लागले. तसा बूट अप्पा हातात घेत, उलटा करून बघत आणि बाजूला ठेवत. पुठ्ठ्यावर रंग दिलेला असे. एकदा आईने विचारलं, "काय बघताय एवढं?" ते म्हणाले, "आतून बघतोय. माणूस बरा दिसतो, पण आत काही नाही."

अशात एक दिवस जुन्या ओळखीचा एक कारकून आला. शहराबाहेर बूट बनवायला शिकवणारं एक केंद्र होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, आता ते तिथे नाहीही. तिथे हाताने काम शिकवणाऱ्या माणसाची जागा निघाली होती. कारकून म्हणाला, "कामाबद्दल तुम्हाला कोण काय विचारणार? पण तोंडी परीक्षा घेतात. नावं इंग्रजीत यायला हवीत." आणि त्याने चार टाइप केलेले कागद अप्पांसमोर ठेवले. एकावर बुटांचे प्रकार, दोनांवर भाग, एकावर चामड्याच्या जाती. अप्पांना कन्नड वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यांनी ते कागद घडी न मोडता माझ्यापुढे धरले. "तुला येईल ना?"

मला इतका अभिमान वाटला की मी तपासून बघायच्या आधीच हो म्हटलं.

पुढचे दोन महिने, शाळेतून आल्यावर आणि रविवारी जेवणानंतर, आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसायचो. माझ्या हातात कागद, त्यांच्या हातात लाकडी फरम्यावर चढवलेला बूट. मी शब्द वाचायची, यादीत पुढे लिहिलेल्या अर्थाचा जमेल तसा उलगडा करायची, आणि ते अंगठ्याने बुटावरची ती जागा दाखवायचे. मग त्यांचा शब्द सांगायचे. बुटाला जीभ असते, गळा असतो, कंबर असते, टाच असते, हे मला तेव्हाच कळलं. इंग्रजीतही जीभ, गळा आणि कंबरच म्हणतात, असं मी सांगितल्यावर अप्पा बराच वेळ खूश होते. "म्हणजे त्यांनीही बुटात माणूसच बघितला," असं म्हणाले. 'क्वार्टर' हा शब्द आला तेव्हा मी म्हटलं, याचा अर्थ पाव. बुटाच्या मागच्या बाजूला पाव का म्हणतात, मला सांगता येईना. अप्पांनी दोन्ही बूट समोर ठेवले, एकेका बाजूला बोट लावत गेले आणि म्हणाले, "एका बुटाला दोन बाजू. जोडीला चार. चारातली एक, म्हणून पाव." ते खरं की नाही ते मी अनेक वर्षांनी एका पुस्तकात पाहिलं. खरं होतं.

काही शब्द अडले. जे चामडं आतली बाजू बाहेर काढून वापरतात, मखमलीसारखी लव असलेलं, त्याला आमच्या घरात उलटं चामडं म्हणत. यादीत त्याचं नाव होतं ते मी अक्षराला अक्षर लावून वाचलं : 'सुएडे'. ज्या बुटावर छिद्रांची नक्षी असते त्याला अप्पा जाळीचा बूट म्हणायचे. त्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी जी-यू-ई होतं. मला 'आर्ग्यू' माहीत होता, म्हणून मी ठरवलं की हा 'ब्रोग्यू'. अप्पांनी ते शब्द पाठ केले. आरीने भोक पाडताना म्हणायचे, दोरा ओढताना म्हणायचे. "सुएडे, सुएडे." आंघोळीच्या वेळीही आतून आवाज यायचा आणि आई हसायची.

एकदा अक्का अस्तर लावता लावता मला म्हणाली, "सुमे, हे नक्की असंच म्हणतात का गं? कानाला विचित्र लागतंय. तुझ्या टीचरना विचार की."

"मला येतं," मी म्हटलं.

"येत असेल. तरी विचार. अप्पांची परीक्षा आहे."

मी विचारते म्हटलं. दुसऱ्या दिवशी कागद दप्तरात घालून नेलाही. मधल्या सुट्टीत टीचर खोलीत एकट्याच होत्या. मी दारापर्यंत गेले. मग डोक्यात आलं, त्या विचारणार, हे शब्द कुठे भेटले तुला? बुटांची यादी कशाला हवी? आणि टीचर हुशार होत्या, त्यांना खरं ताडायला वेळ लागला नसता. मी दारातून परत फिरले. घरी येऊन अक्काला सांगितलं, "विचारलं. बरोबर आहे."

आता फोनवर शब्दावर बोट ठेवलं की तो उच्चारून दाखवतो. मी ते एकदाच करून बघितलं. एका क्षणाचं काम आहे. तेव्हाही एका क्षणाचंच होतं.

परीक्षेच्या दिवशी अप्पांनी मला बरोबर घेतलं. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, आणि बगलेत कापडात गुंडाळलेली बुटांची जोडी. ती त्यांनी या दिवसासाठीच केली होती, रात्रंदिवस खपून नव्हे, तर रोज थोडी थोडी, मन शांत असेल तेव्हाच. तळाची शिलाई इतकी बारीक की टाके मोजायला नख लावावं लागे. ते केंद्र म्हणजे बैठी इमारत, कौलारू व्हरांडा, आणि खोल्यांना अर्धी झुलती दारं. वर मोकळं, खाली मोकळं. मला बाकावर बसायला सांगून अप्पा आत गेले. थोडा वेळ मी बसले. मग राहवेना, म्हणून त्या दाराआड जाऊन फटीला डोळा लावून उभी राहिले.

आत तीन माणसं होती. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. टेबलावर एक बूट उभा चिरून ठेवलेला होता, आतले थर दिसावेत म्हणून. अप्पा पहिलं काही बोलले ते, "चांगला बूट होता, सर. कशाला कापला?" कोणीतरी म्हणालं, "शिकवण्यासाठी." मग भाग विचारायला सुरुवात झाली. अप्पांनी एकेक सांगितला, अडखळले नाहीत. एकजण 'गुड' म्हणाला तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. मग त्यांनी चामड्याचे तुकडे पुढे केले.

"हे?"

"सुएडे, सर."

एकाने मान वर केली.

"काय म्हणालात?"

"सुएडे," अप्पांनी आणखी स्पष्ट सांगितलं. पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल, असं त्यांना वाटलं असणार.

एकजण हसला. दुसरा त्याला थांबवायला गेला आणि त्यालाच हसू फुटलं. मग कपाटातून कुठलासा बूट काढल्याचा आवाज आला. "आणि याला काय म्हणतात?" अप्पा म्हणाले, "ब्रोग्यू." या वेळी तिघंही हसले. चेष्टा करावी असं काही त्यांच्या मनात आधीपासून होतं, असं मला आजही वाटत नाही. दुपारची वेळ होती, कंटाळलेली माणसं होती. पण त्यातल्या एकाने खुर्ची मागे सारली, आतल्या दुसऱ्या दारातून शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली आणि म्हणाला, "या, ऐका जरा. हां, आता परत सांगा."

ती दोन माणसं आत आली तेव्हा वाऱ्याने माझ्यासमोरचं दारही थोडं हललं. आता अप्पांना कळलं होतं. न कळण्याइतके ते भोळे नव्हते. मला वाटलं, ते गप्प राहतील, किंवा चुकलं म्हणतील. ते क्षणभर थांबले आणि पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात, शाळेतल्या मुलासारखे सरळ, म्हणाले, "सुएडे. ब्रोग्यू."

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग कसं म्हणायचं, सर?" "स्वेड. आणि ब्रोग," कोणीतरी सांगितलं. अप्पांनी तसं म्हणून दाखवलं.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

"कोणी नाही, सर. माझं मीच. ऐकून ऐकून."

मी बाकावर जाऊन बसले. अप्पा बाहेर आले तेव्हा बगलेतलं कापड सुटलेलंही नव्हतं. बूट दाखवा, असं त्यांना कोणी म्हणालंच नव्हतं. माझ्याकडे बघून ते हसले. "तू शिकवलेलं सगळं विचारलं," म्हणाले. "एकही बाहेरचं नाही." वाटेत एका हॉटेलात त्यांनी माझ्यासाठी मसाला डोसा मागवला, स्वतः फक्त कॉफी घेतली. मी डोशाचे तुकडे करत बसले. "खा की," ते म्हणाले. "पोट दुखतंय," मी म्हटलं. त्यांनी माझी ताटली आपल्याकडे ओढून घेतली आणि गार झालेला डोसा सावकाश, एक घास न टाकता संपवला. बसमध्ये म्हणाले, "दहावी झालेला माणूस हवाय त्यांना. तो नियमच आहे. आपण काय करणार?" हे त्यांनी घरी आईलाही तसंच सांगितलं. नाही म्हणणारं पत्र पंधरा दिवसांनी आलं. दहावीमुळे नाही म्हटलं की हसण्यामुळे, मला माहीत नाही. पत्रात कारण नव्हतं. मी मात्र गेल्या पन्नास वर्षांत दहावीवर एकदाही विश्वास ठेवू शकलेले नाही.

पुढच्या वर्षी अप्पांनी पुढची खोली एका शिंप्याला दिली आणि पीण्या नावाच्या भागात एका बुटांच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे तळ चिकटवायचं काम. पट्ट्यावरून तळ येत, त्यांना ब्रशने गोंद लावायचा, पुढे सरकवायचं. आमच्या खळीसारखा नव्हे, वासाने डोकं धरवणारा गोंद. तिथे बुटाच्या जिभेला, गळ्याला, कंबरेला त्यांना हात लावायचा नव्हता. घरी आल्यावर ते बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहत. आधी खोकला आला, मग दम. शाळेत मी सगळ्यांना सांगत होते, की माझे वडील एका मोठ्या कंपनीत आहेत. ते आता खरं झालं होतं.

आईला कधीकधी वाटे की मी बदलले. अभ्यास करायची, पण घरात इंग्रजी बोलायची बंद झाले. अक्काने मात्र मला एकदाही छेडलं नाही. टीचरना खरंच विचारलं होतंस का, असं ती बोलली असती तर मी तिच्यासमोर कोसळले असते. ती बोलली नाही, याचा अर्थ तिला कळलं होतं.

मी शिकले, तार-टेलिफोन खात्यात लागले, लग्न होऊन येलहंकाला आले. दर रविवारी चामराजपेटेला जायची. अप्पांचे पाय तेव्हा सुजायला लागले होते. कुठलीच चप्पल चढत नसे. खाली वाकलं की दम लागे, म्हणून त्यांच्या पायाची नखं मी कापायची. एका रविवारी दुपारी आई आत झोपली होती. कोमट पाण्यात पाय बुडवून अप्पा खुर्चीत बसले होते आणि मी खाली. डोळे वर करायचे नव्हते, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं.

"अप्पा, त्या परीक्षेच्या दिवशी मी बाकावर नव्हते. दाराशी होते. सगळं ऐकलं मी."

मी त्यांचा पाय पुसून मांडीवर घेतला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "दार खालून उघडं होतं. तुझे पाय दिसत होते."

"कधी?"

"ती दोन माणसं आली, तेव्हा. दार हललं म्हणून बघितलं, तर तुझ्या चपला. माझ्याच हातच्या. ओळखणार नाही का मी?"

मी हिशेब लावला. म्हणजे तिसऱ्यांदा त्यांनी ते शब्द उच्चारले तेव्हा मी ऐकते आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"मग परत का म्हणालात? तेही इतक्या मोठ्याने?"

अप्पांना श्वास घ्यायला वेळ लागला. "हळू म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, बापाला लाज वाटली," ते म्हणाले. "तू शिकवलेलं होतं ते. त्याची कसली लाज?"

त्या क्षणी मला ते सांगायला हवं होतं. टीचरच्या दारातून मी का परत फिरले, ते. शब्द माझ्या तोंडात आले होते. पण अप्पांनी डोळे मिटून मान मागे टेकली होती. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता. तो निवांतपणा मोडायचा धीर मला झाला नाही. मी त्यांच्या दुसऱ्या पायाची नखं कापली, बोटांमधलं पाणी टिपलं आणि पाण्याचं घमेलं उचलून आत गेले.

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आठवडाभर आधी ते गेले. मी चुकीचं शिकवलं याचं कारण माझं लहान वय, असंच ते शेवटपर्यंत समजत राहिले. खरं कारण त्यांना कळलं नाही. अक्काही आता नाही. आज हे लिहिलं, तेव्हा ते पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.